सगळ्या वर्गाची एकच नळी

३ फेब्रुवारी

मंगळवार, दोन फेब्रुवारी, दुपारी तीन वाजून चाळीस मिनिटांनी, शाळेच्या फाटकासमोर, तू माझ्या हातातून ठिपकीचा हात सोडवून घेतलास. 'ओढून घेतलास' असं लिहिणार होते, पण सगळी नोकरी कोर्टात लघुलेखक म्हणून गेली, त्यामुळे घडलं तेवढंच लिहायची खोड आहे. एकेक बोट सोडवलंस. करंगळीपासून. आणि म्हणालीस, "आई, उद्यापासून हिला न्यायला तू यायचं नाहीस. घरीही यायचं नाहीस." मागे ठिपकीच्या वर्गातल्या जुळ्यांची आई उभी होती. ती लगेच बुटाची नाडी बांधायला खाली वाकली. तिच्या बुटांना नाड्या नाहीत.

मी तुझी आई आहे आणि ठिपकीची आजी. ती शाळेत जायला लागल्यापासून शाळा सुटली की तू सलून बंद करेपर्यंत ती माझ्याकडे असते. माझ्या खुर्चीत बसते, माझा चष्मा नाकावर चढवते आणि माझ्याच वाचनातल्या चुका काढते. हे सगळं एका वाक्यात बंद करायचा तुला अधिकार आहे, मान्य. मुलगी तुझी आहे. पण मी कारण विचारलं तर म्हणालीस, "तुला माहीत आहे." हे काही कारण नव्हे.

मला जे माहीत आहे ते असं.

साथ सुरू झाल्यापासून शाळेत आठवड्यातून दोनदा तपासणी होते. प्रत्येक मुलाने कापूस गुंडाळलेली एक कांडी तोंडात धरून चोखायची, वाळूचं घड्याळ रिकामं झालं की सगळ्या वर्गाच्या कांड्या एकाच नळीत टाकायच्या आणि ती नळी प्रयोगशाळेत पाठवायची. नळीत रोग सापडला तर सगळा वर्ग घरी, मग एकेकाची वेगळी तपासणी. घड्याळ उलटं करायला आणि कांड्या गोळा करायला शाळेला कुणीतरी हवं होतं. आई-बापांपैकी एकही पुढे आला नाही. कुणाला वेळ नव्हता, कुणाला पटत नव्हतं, कुणाचा भाऊ कुठेतरी काहीतरी वाचून आला होता. म्हणून मी गेले. तू तेव्हा हसली होतीस. "चला, आईला नजर ठेवायला एक अख्खा वर्ग मिळाला," म्हणालीस.

नजर ठेवली म्हणूनच मागच्या गुरुवारी दिसलं की ठिपकीच्या दोन्ही गालांत एकेक कांडी आहे. खारीसारखे गाल फुगलेले.

"दोन कशाला गं?"

कांड्या न काढताच ती म्हणाली, "ही माझी, ही त्याची. त्याला सर्दी झालीये ना." जणू पेन्सिल उसनी दिली.

"असं करायला सांगितलं कुणी?"

"आईने. मला एकदा होऊन गेलंय ना, आजी. मला परत होत नाही. माझी कांडी नेहमी चांगली निघते."

म्हणजे ज्याला शिंक आली त्याची कांडी ठिपकीच्या तोंडात, आणि नळी लख्ख. वर्ग चालू, शाळा चालू, तुमची कामं चालू. तुम्ही पाचसहा जणींनी हे तुझ्या सलूनमध्ये ठरवलंत, केसांना रंग लावून बसल्या बसल्या. मी त्याच दिवशी मुख्याध्यापकांकडे गेले. ते म्हणाले, "जाऊ द्या हो आजी, मुलं आहेत." मी गेले नाही. सोमवारी पालकसभा होती, तिथे बोलले. तुझं नाव मी घेतलं नाही. "हिरव्या कोटातल्या बाईंना विचारा," एवढंच म्हणाले. त्या दिवशी दुसऱ्या कुणी हिरवा कोट घातला नव्हता, याला मी जबाबदार नाही.

ठिपकीच्या वर्गाच्या बाई शनिवारपासून हॉस्पिटलमध्ये आहेत. त्यांच्या नाकाला नळी लागली असताना तू माझ्यावर नक्की कशासाठी रागावली आहेस, ते कागदावर लिहून कळव.

तुझी
आई

११ फेब्रुवारी

तुझं उत्तर पोहोचलं. म्हणजे जावईबापू पोहोचले, हातात पिशवी घेऊन. पिशवीत माझा जुना चष्मा, सपाता, छत्री आणि गरम पाण्याची रबरी पिशवी. ही उत्तर द्यायची कुठली रीत? मी काय भाडेकरू होते?

ते आत आले नाहीत. जिन्यातच उभे राहिले, जसे कुणी मीटर वाचायला आलेत. मी म्हटलं, "बसा, चहा टाकते." तर म्हणाले, "नको आई, ती खाली गाडीत आहे." ती म्हणजे तू की ठिपकी, हे मी विचारलं नाही. खिडकीतून बघितलंही नाही. पडदा धुवायला काढायचा होता म्हणून फक्त सरकवला.

जाता जाता म्हणाले, "तुम्ही ठिपकीला सभेत बोलवायला नको होतं."

तर हे आहे होय. मग तसं सरळ लिहायचं होतंस.

हो, बोलावलं. पण त्याआधी काय झालं तेही तुला आठवत असेल. मी सगळं सांगितल्यावर औषधाच्या दुकानाचा मालक उठला. स्वतः दुकानात तपासणीचे संच विकतो आणि शाळेतल्या तपासणीवर सगळ्यात मोठ्याने ओरडतो, तोच. म्हणाला, "आजीबाईंना आता नीट दिसत नसेल. मुलं काय, काहीही तोंडात घालतात. आमचा तर खोडरबर खातो." सगळे हसले. तूही हसलीस. मी तुझ्याकडेच बघत होते.

मग मी बाजूच्या खोलीचं दार उघडलं. तिथे मुलं चित्रं काढत बसली होती. ठिपकीला आत घेतलं, सगळ्यांसमोर उभं केलं आणि एकच प्रश्न विचारला: "गुरुवारी किती कांड्या चोखल्यास?" तिने खरं उत्तर दिलं. स्पष्ट आवाजात, मान वर करून. आमच्या कॉन्व्हेंटमध्ये मदर अख्ख्या शाळेपुढे उभं करून विचारायच्या. पाय लटपटायचे, पण खोटं बोलायची कुणाची टाप नव्हती, आणि त्याने आमचं काही वाकडं झालं नाही. खरं बोलणाऱ्या मुलीला भीती कशाची?

त्यापुढचं तिने जे विचारलं, ते मी विचारायला सांगितलं नव्हतं. ती माझ्याकडे वळली आणि म्हणाली, "म्हणून बाई आजारी पडल्या का?"

सत्तर-ऐंशी माणसं होती त्या हॉलमध्ये. खुर्ची करकरली नाही कुणाची. मुख्याध्यापक पेनाचं टोपण लावत होते, काढत होते. औषधवाला मोबाइलमध्ये बघत होता. तू उठलीस आणि तिला घेऊन बाहेर गेलीस. मीही काही बोलले नाही. माझा प्रश्न विचारून झाला होता.

तू हे का केलंस ते मला कळत नाही असं समजू नकोस. नोव्हेंबरमध्ये नळीत रोग सापडला आणि एकेकाला तपासलं तेव्हा तो निघाला ठिपकीत. घरी बसवलेला वर्ग परत आला तेव्हा तिचं बाक खिडकीशी सरकवलेलं होतं. कोट अडकवायच्या खुंट्यांवर तिच्या दोन्ही बाजूंच्या खुंट्या मोकळ्या. तुझी गिऱ्हाइकं फोन करून 'पुढच्या आठवड्यात बघू' म्हणायला लागली. आणि सलूनच्या काचेवर कुणीतरी कागद चिकटवला, 'इथे साथ आहे'. तो तू नखांनी खरवडत होतीस आणि मी दुसऱ्या बाजूने पाणी मारत होते. तू म्हणालीस, "परत कधीच नाही." मला वाटलं, तू रोगाबद्दल बोलतेस.

जानेवारीत ठिपकीला एकदम मैत्रिणी फुटल्या. वाढदिवसांची बोलावणी आली. खेळात तिला पहिली निवडायला लागले. घरी येऊन सांगायची, "आजी, आज माझ्याशेजारी बसायला भांडण झालं." मी म्हटलं, माणसं शहाणी झाली. माणसं शहाणी झाली नव्हती. त्यांना तिचं तोंड हवं होतं.

आणि बाईंचं तुला ठाऊक नसेल तर सांगते. त्यांची छाती लहानपणापासून अधू. तपासणी व्हावी म्हणून मुख्याध्यापकांच्या मागे लागल्या त्या त्याच. एकदा कांड्या गोळा करताना मला म्हणाल्या होत्या, "नळी स्वच्छ आली ना आजी, की मी मास्क खाली करते. अक्षर शिकताना मुलांना ओठ दिसावे लागतात हो. कापडाआडून कसं शिकवू?"

नळी स्वच्छ येत होती. आणि त्या मास्क खाली करत होत्या.

पिशवीतली छत्री माझी नाही. ती तुझी आहे. घेऊन जा, किंवा कळव, मी आणून देते. फाटकाशी ठेवून जाईन, वर येणार नाही.

आई

२४ फेब्रुवारी

बाई गेल्याचं तुला माझ्याआधी कळलं असणार. मला जिन्यात खालच्या मजल्यावरच्या बाईंनी सांगितलं, भाजीची पिशवी एका हातातून दुसऱ्या हातात घेत. "तुमच्या शाळेतल्या त्या," म्हणाल्या. "तुमच्या"वर जोर होता.

काल शोकसभेला तू मागच्या रांगेत होतीस. मी भिंतीशी उभी होते. मला कुणी खुर्ची दिली नाही. मागितलीही नाही मी. प्रवेशद्वारात बाईंचा फोटो होता आणि त्याखाली फुलांचा एवढा ढीग की त्यांचा हनुवटीच्या वरचाच भाग दिसत होता. ज्या ज्या आयांनी आपल्या पोरांच्या कांड्या ठिपकीकडे दिल्या होत्या, त्या सगळ्या फुलं घेऊन आल्या होत्या. रडत होत्या, आणि खरंच रडत होत्या. मला तेच जास्त सहन होईना. खोटं रडल्या असत्या तर मी काहीतरी बोलले असते.

औषधवाल्याने भाषण केलं. "बाईंनी मुलांसाठी जीव दिला," म्हणाला. दिला म्हणे! दिलेली वस्तू आणि काढून घेतलेली वस्तू यांतला फरक कोर्टातल्या शिपायालाही कळतो.

मग मुख्याध्यापक उठले. मला वाटलं, आता तरी हा माणूस बोलेल. म्हणाले, "झाल्या प्रकाराचा मुलांच्या मनावर खोल परिणाम झाला आहे. पालकांच्या भावनांचा आदर करून आजपासून शाळेतली तपासणी बंद करण्यात येत आहे. ज्यांची संमती असेल त्यांनी हात वर करावा." बाईंच्या फोटोसमोर, मुली. त्यांनी भांडून मिळवलेली तपासणी, त्यांच्याच फोटोसमोर, त्यांच्याच शोकसभेत बंद. आणि हात असे वर गेले जसे कुणी फुकट काही वाटतंय.

तुझा हात वर होता. पूर्ण नाही, कोपरापर्यंत. मी पाहिलं.

माझा खाली होता. पण तो मोजायचा प्रश्नच आला नाही. मुख्याध्यापक म्हणाले, "फक्त पालक, आजी."

बाहेर पडताना त्यांनी मला बाजूला घेतलं. "ते वाळूचं घड्याळ तुमच्याकडे असेल तर देऊन टाका, शाळेच्या सामानात आहे ते." माझ्या पर्समध्येच होतं. दिलं. म्हटलं, "आता कशाला लागणार तुम्हाला?" तर म्हणाले, "खेळाच्या तासाला." मग जरा घुटमळून म्हणाले, "खरं सांगू का, तुम्ही एवढा गवगवा केला नसता ना, तर बाईंच्या कानावर तरी गेलं नसतं. हॉस्पिटलमध्ये कुणीतरी त्यांना सांगितलं म्हणे. माणूस धक्क्यानेही खचतो."

तर आता गावभर हेच आहे. लिफ्टमध्ये माझ्याबरोबर कुणी चढत नाही. आणि मौज अशी की ते साथीच्या भीतीने नाही. साथीला कुणीच भीत नाही आता. तपासणीच नाही म्हटल्यावर रोग आहे कुठे?

ठिपकी मुलांच्या ओळीत होती. तिच्या शेजारची जागा रिकामी होती. हे तुला दिसलं का, की हात वर करण्यात राहून गेलं?

आई

९ मार्च

आज जावईबापू आले. तुला न सांगता आले, आणि मी तुला सांगते आहे, कारण चोरून भेटायला आम्ही काही गुन्हेगार नाही. या वेळी बसले. चहा घेतला. साखर घालायला विसरले मी, त्यांनीही सांगितलं नाही.

म्हणाले, "आई, ठिपकी ब्रश तोंडात घेत नाही."

"म्हणजे?"

"दात घासायचा ब्रश. चमचासुद्धा नाही. ओठांशी नेला की मान फिरवते. हाताने खाते, ग्लासातून पिते, तेवढंच. परवा डॉक्टरांनी घसा बघायला चपटी पट्टी काढली, तर टेबलाखाली जाऊन बसली. दोघांनी ओढून काढावं लागलं."

मी त्यांना बोलू दिलं.

"गाडीत मला विचारते, 'बाबा, ज्या कांडीने बाई मेल्या, ती कुणाची होती? माझी होती की मी दुसऱ्यासाठी चोखलेली होती?'"

"तुम्ही काय सांगितलंत?"

"म्हटलं, बाई लांब गेल्यात. त्यांना आता बरं वाटतंय."

मी त्यांना म्हटलं, "तुम्ही बस चालवता ना? प्रवाशाने विचारलं पुढचा थांबा कुठला, तर असंच सांगता का?" ओशाळले बिचारे. मग म्हणाले, "घरात त्याबद्दल बोलायचं नाही असं ठरलंय. बाईंचं नाव निघालं की ती रेडिओ मोठा करते." ही ती म्हणजे तू.

तुझंही सांगितलं त्यांनी. सलूनमध्ये गिऱ्हाईक नाही. पाचसहा जणींनी मिळून ठरवलं होतं, आता त्याच पाचसहा जणी सांगत फिरताहेत की हे सगळं एकटीच्या डोक्यातून निघालं. जुळ्यांची आई म्हणते, "आम्हाला तर माहीतच नव्हतं." तू दिवसभर रिकाम्या खुर्च्यांमधून झाडत फिरतेस, फरशीवर एक केस नसताना. सभेत बोट दाखवताना मी एकाच खुर्चीकडे दाखवलं. बाकीच्या खुर्च्यांचीही नावं मला ठाऊक होती. ती मी घेतली नाहीत. का, ते मलाही सांगता येत नाही. बहुतेक मला तुझ्याकडून जास्त अपेक्षा होती आणि त्यांच्याकडून अजिबात नव्हती. त्याचा तुला काही उपयोग नाही, हे कळतं मला.

ते असो. तू मला घरात घेऊ नकोस. मी मागणं सोडून दिलं आहे. हे पत्र त्यासाठी नाही.

परवा बाजारात मला ठिपकी दिसली, वडिलांबरोबर, रस्त्याच्या पलीकडे. मी हाक मारली. तिने माझ्याकडे बघितलं, दोन्ही तळहातांनी तोंड झाकलं आणि वडिलांच्या पाठीमागे गेली. मला वाटलं, खोकला आला. खोकला नव्हता. तिला वाटलं, मी आता काहीतरी विचारेन.

मी घरी आले आणि स्वयंपाकघरात कोट न काढताच बसून राहिले.

म्हणून ही मागणी. उत्तर मला नको, तिला दे. लेखी दे. तोंडी देशील तर मध्येच रेडिओ मोठा करशील, तुला मी ओळखते. कागदावर लिही की कांड्या चोखायला मोठ्या माणसांनी सांगितलं होतं आणि नाही म्हणणं तिच्या हातात नव्हतं. लिही की तिने मदत केली, तिला मदत म्हणूनच सांगितलं होतं. लिही की बाई रोगाने गेल्या, आणि त्या रोगाला वाट मोठ्यांनी करून दिली. तिने सभेत विचारलेला प्रश्न बरोबर होता, तिथे बसलेल्या प्रत्येकाला त्याचं उत्तर माहीत होतं आणि कुणीही ते दिलं नाही, हेही लिही. कुणीही नाही म्हणजे मीसुद्धा. आजीने तिला सगळ्यांसमोर उभं करायला नको होतं, असं लिहायचं असेल तर लिही. मी ते खोडणार नाही.

मीच लिहिलं असतं. पण माझं पत्र तू तिच्या हाती लागू देणार नाहीस, आणि लागलं तरी माझ्यावर तिचा विश्वास उरलेला नाही. तुझ्यावर अजून आहे. तुझ्यावर आहे म्हणूनच तर तिने कांड्या चोखल्या.

तू लिहिशील असं मला वाटत नाही. तीन पत्रं गेली, एकाचंही उत्तर नाही, आणि तू माझीच मुलगी आहेस. तरीही मुदत घालते आहे. सोमवारी वर्गावर नवीन बाई येतील, नवीन फळा, नवीन तक्ते, आणि मग या विषयावर कुणी कधी बोलणार नाही. ठिपकी मोठी होईल आणि हे तिच्याजवळच राहील, एकटीजवळ.

रविवार, चौदा मार्च, संध्याकाळी सहाच्या आत. शाईने लिही. अक्षर मोठं काढ आणि जोडाक्षरं टाळ. ती शिकवायच्या आधीच बाई गेल्या.

आई